दोन गाईड, एक गाव : मार्गदर्शित पायी फेरी संशोधनात कशी वापरायची?

पीएचडी करणाऱ्याच्या आयुष्यात 'गाईड' या शब्दाला दोन अर्थ असतात. एक म्हणजे ज्यांच्या सहीशिवाय आपला प्रबंध पुढे सरकत नाही त्या मॅडम किंवा सर. दुसरा म्हणजे फील्डवर गेल्यावर आपल्याला गाव फिरवून दाखवणारा माणूस. माझ्या पहिल्याच क्षेत्रभेटीनंतर या दोन गाईडांची माझ्या वहीत गाठ पडली. त्यातून जे शिकले ते पेटची, नेट-सेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यासाठी आज मांडतेय.

गाव होतं राळेगणसिद्धी. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर वाडेगव्हाणला आत वळलं की थोड्याच अंतरावर, पारनेर तालुक्यात. आम्ही विद्यार्थ्यांचा एक गट होतो. गाव दाखवणाऱ्या काकांनी दोन-अडीच तास पायी फिरवलं. यादवबाबांचं मंदिर, शाळा, ओढ्यावरचे बंधारे, पाझर तलाव. बोलणं इतकं ओघवतं की माझी अर्धी वही भरली. परत येताना गाडीतच मी ठरवून टाकलं की प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच : 'दारूच्या गावाचं पाण्याच्या गावात रूपांतर'.

मॅडमनी वही वाचली आणि माझ्यापुढे दोन पेनं ठेवली. म्हणाल्या, "तू स्वतः जे पाहिलंस त्याखाली निळी रेघ मार. जे फक्त ऐकलंस त्याखाली लाल." मी रेघा मारत गेले. पाण्याच्या भागात निळं-लाल मिसळलेलं होतं. दारूच्या भागात मात्र सगळी पानं लाल झाली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला : "भट्टी कुठे होती, ती जागा कुणी दाखवली का?"

कुणीच दाखवली नव्हती. आणि मीही विचारलं नव्हतं.

फेरीत सांगतात काय, दाखवतात काय

आधी गोष्ट थोडक्यात, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस कमी आणि बेभरवशाचा. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातली नोकरी संपवून गावी परतले. यादवबाबांच्या पडक्या मंदिराची दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या पैशातून सुरू केली. गावात हातभट्टीचा धंदा जोरात होता, मंदिराचं लाकूडसुद्धा भट्टीत जळालं होतं असं सांगतात. मंदिरात बैठक झाली, बहुतेकांनी भट्ट्या आपणहून बंद केल्या, राहिलेल्या तरुण मंडळाने मोडल्या. पुढे पाण्याचं काम उभं राहिलं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला होता, तो अण्णांनी जाऊन पाहिला होता. गावातला सरकारी पाझर तलाव गळका होता, तो श्रमदानातून दुरुस्त झाला, ओढ्या-नाल्यांवर बांध पडले. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री इथूनच राज्यभर गेली. १९९२ मध्ये राज्य सरकारने आदर्श गाव योजना आणली, तिला नमुना याच गावाचा होता.

आता ही गोष्ट आणि फेरीचा रस्ता शेजारी शेजारी ठेवून बघा. बंधारा दाखवता येतो. त्यावर उभं राहून फोटो काढता येतो. झाड दाखवता येतं, शाळा दाखवता येते. बंद झालेली भट्टी कशी दाखवणार? नाहीशी झालेली गोष्ट फक्त सांगता येते. त्यामुळे दारूचा सगळा इतिहास मंदिराच्या ओट्यावर उभं राहून ऐकायला मिळतो, आणि मग पावलं पाण्याच्या दिशेने वळतात. म्हणजे सांगण्यात दारू आधी आणि पाणी नंतर, दाखवण्यात फक्त पाणी. 'दारू गेली म्हणून पाणी आलं' हा कार्यकारणभाव माझ्या डोक्यात कुठून आला? कुणी तसं शब्दांत सांगितलं नव्हतं. चालण्याच्या क्रमाने तो सांगितला होता.

आजच्या लेखातला मुख्य मुद्दा हाच. मार्गदर्शित फेरी ही गावाची माहिती नसते, ते गावाने स्वतःबद्दल केलेलं निवेदन असतं. निवेदन म्हणजे खोटं नव्हे. निवेदन हाही पुरावाच आहे, फक्त तो वेगळ्या गोष्टीचा पुरावा आहे : हे गाव स्वतःला कसं मांडतं, याचा.

दारू दाखवणारं शहर

ही फक्त आपल्याकडची भानगड नाही. अगदी उलट टोकाचं उदाहरण घेऊ. फ्रान्समधलं बोर्दो हे वाईनच्या व्यापारावर मोठं झालेलं शहर. गारोन नदीच्या काठची अठराव्या शतकातली देखणी दगडी घरं आणि शार्त्रों नावाचा वाईन व्यापाऱ्यांचा भाग, हे सगळं पायी फिरून बघायला जगभरातून लोक येतात. २००७ मध्ये या शहराचा मोठा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. राळेगणला दारू दाखवता येत नाही, बोर्दोला ती अभिमानाने दाखवतात.

पण त्या घरांमागचा पैसा सगळाच वाईनचा नव्हता. याच बंदरातून गुलामांच्या व्यापाराच्या सुमारे ५०० सफरी निघाल्या होत्या. कॅरिबियन वसाहतींमधली साखर आणि कॉफीही इथेच उतरत होती. शहर फिरवणाऱ्या गोष्टीत हे फार वर्षं जवळजवळ नव्हतंच. अभ्यासकांनी कागद काढले, नागरिकांच्या संघटनांनी पाठपुरावा केला, गुलामगिरीच्या खुणा दाखवणाऱ्या वेगळ्या पायी फेऱ्या सुरू केल्या. २००९ मध्ये तिथल्या आकितेन संग्रहालयात या विषयाची कायमची दालनं उघडली. २०१९ मध्ये नदीकाठावर मोदेस्त तेस्तास या गुलाम केल्या गेलेल्या स्त्रीचा पुतळा उभा राहिला. २०२० मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांची नावं असलेल्या काही रस्त्यांवर खुलासा करणाऱ्या पाट्या लागल्या. घरं तीच, नदी तीच, फेरी बदलली.

यातून आपल्यासाठी दोन धडे. एक, डोळ्यांसमोर भरपूर काही दिसत असलं तरी फेरीत मौन असू शकतं. दोन, ते मौन कायमचं नसतं. कुणीतरी प्रश्न विचारला, कागद काढला, तर रस्ता बदलतो. संशोधकाचं काम तिथे सुरू होतं.

चेंबर्सची चाळणी

आपण नेमकं कुठे फसतो याची यादी ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच करून ठेवली आहे. 'रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट' हे त्यांचं पुस्तक सामाजिक शास्त्राच्या कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळेल. शहरातून गावात जाऊन भरभर बघून येण्याला ते 'ग्रामविकास पर्यटन' म्हणतात आणि त्यातले सहा प्रकारचे कल सांगतात. हे सहा मी माझ्या वहीवर लावून पाहिले.

१. जागेचा कल. गाडी जाते तिथपर्यंतच आपण जातो. मी पाहिलेलं सगळं डांबरी रस्त्यापासून फार तर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. वाड्या-वस्त्यांवर मी गेलेच नव्हते.

२. प्रकल्पाचा कल. जिथे काम झालंय तिथेच पाहुणे नेले जातात. राळेगण किंवा याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार ही राज्यातली सगळ्यात जास्त दाखवली जाणारी गावं. शेजारचं, फारसं काही न घडलेलं गाव कुणी बघायला जात नाही. मग तुलना कशाशी करणार?

३. माणसांचा कल. बोलायला पुढे येतात ते पुरुष, कार्यकर्ते, यशस्वी शेतकरी. माझ्या वहीत बोलणाऱ्या बायका किती, हे मोजलं. शून्य.

४. ऋतूचा कल. चेंबर्स म्हणतात, पाहुणे पावसाळा टाळून कोरड्या दिवसांत येतात, त्यामुळे गरिबांचे सगळ्यात वाईट दिवस त्यांना दिसत नाहीत. आपल्या दुष्काळी पट्ट्यात हे जवळजवळ उलटं लावावं लागतं. कॉलेजच्या सहली डिसेंबर-जानेवारीत जातात, तेव्हा विहिरीला पाणी असतं आणि रानात कांदा उभा असतो. खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये. परदेशी सिद्धान्त जसाच्या तसा उचलू नका, आपल्या हवामानावर तपासून घ्या, हेही यातून शिकायचं.

५. भिडेचा कल. पाहुणचार झाल्यावर अवघड प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. याबद्दल खाली सविस्तर.

६. विषयाचा कल. पाण्याच्या अभ्यासकाला बांध दिसतात, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला संघटना दिसते. आपण जे शिकून जातो तेच बघून येतो.

भीड पडली तो प्रश्न

राळेगणच्या नशाबंदीत एक भाग असा आहे की जो उघडपणे सांगितला जातो, पण आपण पाहुणे त्यावर थांबत नाही. दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारलं जायचं. अण्णांनी ही गोष्ट लपवलेली नाही. आई लेकराला कडू औषध पाजते तसंच हे, ही त्यांची बाजू प्रसिद्ध आहे. दुसरीकडे मुकुल शर्मा यांनी २००६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त राळेगणवर लिहिताना हाच मुद्दा नैतिक सत्ता आणि सक्तीच्या अंगाने तपासला. गावात सुधारणा झाली हे ते नाकारत नाहीत, ती कोणत्या प्रकारच्या अधिकारातून झाली हे विचारतात.

फेरीत हा प्रसंग आला तेव्हा आमच्या गटातले बरेच जण हसले. मीही हसले. वहीत लिहिलं : 'कडक शिस्त'. मार खाल्लेला माणूस, त्याची बायको, भट्टी बंद झाल्यावर ज्या घरात पैसा येणं थांबलं ते घर, यांपैकी कुणीही माझ्या वहीत नव्हतं. दारू सुटल्यामुळे त्या बायकोचं आयुष्य सुधारलंही असेल, बहुधा तीच सगळ्यात जास्त सुटली असेल. पण 'असेल' हा शब्द प्रबंधात चालत नाही. मॅडम म्हणाल्या, "तू त्यांच्या वतीने हसलीस, आता त्यांच्या वतीने निष्कर्षही काढणार आहेस का?" हे मला लागलं.

आता इथे एक पेच आहे, नीट लक्ष द्या. पुढच्या भेटीत मी सरळ जाऊन 'भट्ट्या कुणाकुणाच्या होत्या?' असं विचारू शकत होते. उत्तर मिळालंही असतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कुणाच्या तरी घराकडे दाखवलेलं बोट. आज त्या घरात नातवंडं राहतात, त्यांची लग्नं व्हायची आहेत. आजोबांच्या भट्टीचं ओझं माझ्या प्रबंधाने त्यांच्यावर का टाकावं? संशोधनाची नैतिकता म्हणून आपण जो संमतीचा फॉर्म भरतो, त्यात फक्त बोलणाऱ्याची सही असते. ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याची नसते. म्हणून मी नावं आणि घरं विचारायची नाहीत असं ठरवलं, आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहूनही टाकलं. प्रश्न बदलला : 'भट्टी कुणाची होती?' ऐवजी 'त्या काळात घरात पैसा कुठून कुठून यायचा, आणि नंतर कुठून यायला लागला?'

दुसरी फेरी

मी मे महिन्यात परत गेले. यावेळी वापरली ती पद्धत मार्गारेट कुसेनबाख या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००३ च्या एका लेखात मांडली आहे, नाव 'गो-अलाँग'. सोपं आहे : माणसाला खुर्चीत बसवून मुलाखत घ्यायची नाही आणि त्याला 'गाव दाखवा' असंही म्हणायचं नाही. तो रोज जिथे जातो तिथे त्याच्याबरोबर चालायचं आणि बोलायचं. रस्ता त्याचा, वेळ त्याची.

एका आजींबरोबर चालले. त्या बंधाऱ्यापाशी थांबल्याच नाहीत. थांबल्या विहिरीपाशी, मग पिठाच्या गिरणीपाशी. पूर्वी पाण्याला किती लांब जावं लागायचं ते पायाने अंतर मोजून दाखवलं. दारूचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ते आता कशाला काढायचं, बाई?" मी पुढे विचारलं नाही. पण ते वाक्य वहीत आहे, निळ्या रेघेसकट. कारण ते मी स्वतः ऐकलं, समोर पाहिलं, आणि तेवढंच लिहिलं. कुणी गप्प राहिलं तर ती गप्प राहण्याची नोंद असते, आपण तिच्यात आपला अर्थ भरायचा नाही.

विहिरीपाशी थांबण्यावरून मला पाझर तलावाचं तत्त्वही नव्याने कळलं. पाझर तलावातून पाट काढत नाहीत. त्यातलं पाणी जमिनीत मुरतं, खडकाच्या झिजलेल्या थरातून आणि भेगांतून खाली सरकतं आणि उताराच्या बाजूच्या विहिरींना लागतं. म्हणजे तलाव भरलेला दिसला म्हणून तो यशस्वी, असं नसतं. त्याचं यश तलावात दिसत नाही, खालच्या विहिरीत दिसतं. पाहुण्याला तलाव दाखवतात, पुरावा विहिरीत असतो. फेरीचंही तसंच आहे. जिथे उभं करून गोष्ट सांगितली तिथे पुरावा शोधायचा नाही, त्या गोष्टीचा परिणाम जिथे झिरपला असेल तिथे शोधायचा.

तुमच्या वहीसाठी : पाच कामं

१. फेरीचा नकाशा त्याच रात्री काढा. कुठे थांबलो, किती मिनिटं, तिथे काय सांगितलं. कुठून वळून गेलो, हेही. थांब्यांची वेळ मोजली की निवेदनाचा भर कुठे आहे ते आपोआप कळतं.

२. तीन रकाने करा : पाहिलं, ऐकलं, दाखवलं नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर समजा की तुम्ही अजून पाहुणेच आहात.

३. आकड्याचा माग काढा. राळेगणच्या भट्ट्यांचा आकडा कुठे ३५ येतो, कुठे ४०. दहा लेखांत तोच आकडा आला म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. दहाही जण त्याच मंदिराच्या ओट्यावर उभे राहून ऐकून गेले असतील, तर पुरावा एकच. मी आता 'भट्ट्या मोठ्या संख्येने होत्या असं गावाचं कथन आहे' एवढंच लिहिते.

४. गावाबाहेरचा कागद शोधा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, त्यामुळे हातभट्टी हा गुन्हा होता आणि गुन्ह्याचा कागद होत असतो. पोलीस, न्यायालय, उत्पादन शुल्क खातं, जिल्ह्याची जुनी वर्तमानपत्रं. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा, त्या वर्षातून चार वेळा घेतल्या जातात. कागद मिळाला नाही तर माहिती अधिकार आहे. राज्यात तो कायदा २००२ मध्ये आला, देशात २००५ मध्ये, आणि त्यासाठीच्या आंदोलनात अण्णा आघाडीवर होते. त्यांच्याच गावाचा अभ्यास त्या कायद्याने करायचा, यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

५. दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या क्रमाने परत चाला. शक्य असेल तर शेजारच्या, पाहुणे न येणाऱ्या गावातही.

विषय संपलेला नाही

दारू हा राळेगणचा फक्त भूतकाळ आहे असं समजून मी प्रकरणाचं नाव ठेवलं होतं. तेही चूक होतं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना फायदा होईल, अशी सरकारची भूमिका होती. अण्णांनी १४ फेब्रुवारीपासून यादवबाबा मंदिरात उपोषणाची घोषणा केली. आदल्या दिवशी ग्रामसभा भरली, त्यांनी उपोषण करू नये असं गावाने सांगितलं आणि ते स्थगित झालं. नाशिकमध्ये तीच वाईन पर्यटकांना तळघर दाखवून, चव देऊन विकली जाते. एका जिल्ह्यात फेरीचा अभिमान वाईन, शेजारच्या जिल्ह्यात फेरीचा अभिमान दारू नसणं. वाईन ही दारू की शेतमालावरची प्रक्रिया, हा वाद शब्दाचा वाटतो, पण त्यावर धोरण ठरतं. कुणाला या विषयावर पीएचडी करायची असेल तर तो मोकळाच आहे.

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव आता बदललंय : 'राळेगणसिद्धी स्वतःची गोष्ट कशी सांगते'. जुन्यापेक्षा कमी भारदस्त आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य मी सिद्ध करू शकते. आणि गाव दाखवणाऱ्या काकांबद्दल माझ्या मनात तक्रार नाही, उलट आदरच आहे. त्यांनी त्यांचं काम चोख केलं, गोष्ट सांगितली. वही लाल झाली ती माझ्यामुळे, मी प्रश्न न विचारल्यामुळे.

पुढच्या वेळी फील्डवर जाताना दोन रंगांची पेनं तेवढी न विसरता न्या.